हिच्या फीची सोय

२ मार्च
हिला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. भूगर्भशास्त्र. म्हणजे दगड. नऊ वर्षं शाळेत विज्ञान शिकवून आता चाळिशीच्या तोंडावर पुन्हा विद्यार्थिनी. सासूबाई फोनवर हिला म्हणाल्या, "बारा वर्षं दगडाबरोबर काढलीस, परीक्षेला काय घाबरतेस?" कौतुकच म्हणायचं.
फीची काळजी करू नकोस, असं हिला ठणकावून सांगितलं. ही हसली. बऱ्याच दिवसांनी.
संकल्प: जूनअखेर सगळी फी मी उभी करणार. कुणापुढे हात न पसरता.

५ मार्च
मेव्हण्याचा दुकानात फोन. (चष्म्याचं दुकान. मी फक्त काउंटरवर असतो, पण चालवतो मीच म्हणा ना.) म्हणाला, "भावोजी, ताईची दोन्ही वर्षांची फी मी भरतो. जमेल तशी फेडा, नाही जमलं तर राहू द्या."
स्पष्ट नकार दिला. समोर गिऱ्हाईक होतं, त्यामुळे आवाज जरा चढला.
हिला सांगितलं नाही. उगीच वाईट वाटायचं.

११ मार्च
बँक. कर्जाच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, अर्जदार कुठे आहेत? म्हटलं, मी आलोय ना. म्हणाल्या, शिकणार कोण? म्हटलं, बायको. मग त्यांना घेऊन या, म्हणाल्या. असल्या नियमांपायीच माणसं शिकत नाहीत.

१९ मार्च
मार्ग सापडला! मशरूम. एका दिवसाचा कोर्स केला. सर म्हणाले, अंधारी, दमट खोली द्या, बाकी ते आपलं आपण उगवतं.
आपली मागची खोली अगदी तश्शी. तिथे हिचं टेबल, पुस्तकं आणि दगडांची खोकी. सगळं स्वयंपाकघरात हलवलं. ही म्हणाली, "मी अभ्यास कुठे करू?" म्हटलं, अगं, तुझ्या अभ्यासासाठीच तर चाललंय! ही दगडांची खोकी ओट्याखाली सरकवू लागली.

२८ मार्च
भांडवलासाठी स्कूटर विकली. चालवायची ही, पण कागद माझ्या नावावर. त्याग तो त्यागच. ही आता शाळेत चालत जाते. तब्येतीला बरंच.

१६ एप्रिल
पिशव्या टांगल्या. भुसा भिजवून, बियाणं भरून. दिवसातून तीनदा पाणी मारायचं. ते हिच्याकडे दिलंय. मी दिवसभर दुकानात, दुसरं कोण मारणार?

२ मे
काही पिशव्यांवर हिरवा थर. जोमाचं लक्षण असावं. ही म्हणाली, "बुरशी आहे ती." म्हटलं, मग मशरूम म्हणजे तरी काय? सरांना फोटो पाठवला. उत्तरादाखल त्यांनी नुसते जोडलेले हात पाठवले. आशीर्वाद.

१४ मे
पहिलं पीक. एक वाटी. भाजी करून खाल्ली. दोघांनाही काही झालं नाही. उमेद वाढली.
हिचा खोकला थांबत नाही. त्या खोलीतल्या हवेचा, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर काहीही म्हणतात. ही हल्ली संध्याकाळी लायब्ररीत जाऊन बसते. घरात एवढी शांतता असताना.

७ जून
पिशव्या फेकल्या. शेजाऱ्यांनी वासाची तक्रार केली म्हणून, एरवी जम बसत होता.
मेव्हण्याला सहज फोन लावला. आधी हवापाणी, मग हळूच फी. म्हणाला, "अहो, तुम्ही नाही म्हणालात म्हणून पैसे घरात घातले. ताईला विचारूनच नाही म्हणाला होतात ना?" म्हटलं, हो, म्हणजे तसं...
ही मागेच उभी होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "काय विचारलं होतंस मला?"
सांगितलं. भांडेल, असं वाटलं होतं. भांडली नाही. पान वाढलं, झाकून ठेवलं आणि न्हाणीघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता. पाण्याची नासाडी, पण म्हटलं, आज काही बोलू नये.

२१ जून
देव पावला! दूरच्या एका विद्यापीठात हिला फी माफ. वर पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रॅक्टिकल शिकवायचं काम, पगार आणि राहायला खोली. हिने एप्रिलमध्येच अर्ज केला होता म्हणे, भाजी शिजेस्तोवर ओट्यावर बसून. माझी धडपड बघून हुरूप आला असणार.
दुकानात राजीनामा तोंडी देऊन टाकला. मालक लगेच "बरं" म्हणाले. धक्का बसला असेल.

२४ जून
तिकडे भाड्याच्या जागा बघायला लागलो. हिला म्हटलं, तळमजला घेऊ, दमट असतो. ही कपड्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, "खोली एकीपुरतीच आहे."
म्हटलं, म्हणून तर भाड्याने घेऊ.
म्हणाली, "नको. तू इथेच राहा."
"किती दिवस?"
घड्या करत राहिली. मग म्हणाली, "तू वाईट नाहीस रे. पण एकदा तरी मला विचारायचं होतंस." डोळे भरले होते, आवाज मात्र नीट होता. मी म्हटलं, विचारतो ना, आत्ता विचारतो. काय विचारायचं ते मात्र आठवेना.
उद्या मालकांना भेटून राजीनाम्याचं चेष्टेत म्हणालो होतो, असं सांगायचं.

६ जुलै
स्टेशनवर सोडायला गेलो. दगडांचं एक खोकं मी उचललं. फार जड. तिने दुसऱ्या बाजूने धरलं. गाडी हलेपर्यंत दोघंही त्या खोक्याबद्दलच बोललो.
घरी येऊन मागच्या खोलीच्या भिंती घासल्या. हिरवं काही निघत नाही.

१९ जुलै
तिचा फोन. जेवण बरं आहे, खोकला थांबला. फी भरायची नसल्यामुळे पुढे काय विचारावं सुचेना. शेवटी विचारलं, तिकडे नक्की काय शिकतेस?
ती सांगायला लागली. खडक दाबाखाली कसा हळूहळू बदलतो, बाहेरून कळतही नाही, वगैरे. बराच वेळ बोलली. मध्ये हसलीसुद्धा. तिचा असा आवाज मी आधी कधी ऐकला होता, आठवून बघितलं.
मग म्हणाली, "ठेवते."
मी घाईघाईने विचारलं, "परत कधी?"
तिला वाटलं, फोनबद्दल विचारतोय. म्हणाली, "बघू. रविवारी."
मी म्हटलं, हो, फोनबद्दलच.