माळ्यावरची ढोलकी

नीलम,

१९९४ साली तुझे सासरे गेले, तेव्हा तू या घरात आली नव्हतीस. सीताराम गायला उभा राहिला की आधी यांच्या ढोलकीची थाप पडायची, आणि ती ऐकूनच लोक जमायचे. हे गेले, तेव्हा वस्तीतून दोन दिवस चहा आला. बस.

आता सीताराम गेला, तर त्याच्या बायकोकडे, सुंदराबाईकडे रोज एकेका घरचा डबा जातो, नातीची फी भरली, आणि आज विहारासमोर मदतीसाठी गाण्यांचा कार्यक्रम. करावंच. पण मी जळते गं, खोटं कशाला बोलू?

आज डब्याची पाळी आपली. वांग्याची भाजी आणि भाकऱ्या ओट्यावर बांधून ठेवल्यात. कार्यक्रमाआधी तिला पोचव. मीठ चाखून बघितलंय, रागाच्या भरात विसरले नाही.

माळा रिकामा दिसेल. ढोलकी मी घेऊन गेले. स्टुलावर चढले म्हणून ओरडू नकोस. मंडळाचा विकी म्हणत होता, "आजी, आता ऑक्टोपॅड असतो, ढोलकी कशाला?" म्हटलं, "तू खुर्च्या मांड."

सीताराम बॅनरवर गेला. सुंदराबाई स्टेजवर बसेल. तुझे सासरे मात्र तीस वर्षं माळ्यावर. जन्मात मी कधी त्यांचं नाव उच्चारलं नाही. आज माईकवरून कोणी घेतलं नाही, तर मी उठून घेणार आहे.

आई