बारा घरांचा शीरखुर्मा

२७ मार्च, बुधवार

बदरुनभाभी येऊन गेली. ओले हात पदराला पुसत, दारातूनच — "दुल्हन, औंदा बारा घरां को तेराच शीरखुर्मा! पिछले साल गमी थी, चलो माफ. अब बहाने नक्को."

माझे मोठे दीर सरदारभाई, त्यांची ही बायको. त्यांच्या घराला आमच्या घराची भिंत लागून. हे जाऊन पंधरा महिने झाले, माझे केस पांढरे झाले, तरी मी त्या घरात अजून दुल्हनच.

मी हो म्हणाले. तोंडातून निघून गेलं. ती गेल्यावर मोरीत जाऊन थुंकले. दुधाचं नाव काढलं तरी मला असं होतं.

२८ मार्च, गुरुवार

खरं ते इथं तरी लिहावं. ही वही कुणी वाचणार नाही. भाभीला अक्षरओळख नाही, सरदारभाईंना फक्त उर्दू वाचता येते. आमच्या तोंडी दखनी, पण माझे हात मराठी, कारण अब्बांच्या हॉटेलात भज्याच्या पुड्यांचे कागद मराठीत यायचे आणि मी त्यावरच वाचायला शिकले.

तर खरं असं. मी जन्मात शीरखुर्मा केलेला नाही. चाखलासुद्धा नाही.

सत्तावीस ईदा बारा घरं माझं नाव घेत, जैतुनचा हात, जैतुनचा हात म्हणून बोटं चाटत आली. तो हात ह्यांचा होता. खाजामियाँचा! दिवसभर पत्र्याच्या धान्यकोठ्या ठोकणारा माणूस, ईदच्या पहाटे दार लावून दुधापुढे बसायचा.

पाटोद्याला अब्बांचं चहाचं हॉटेल होतं. भाऊ शाळेत गेले, मला दुधाच्या कढया खरवडायला बसवलं. तळाला करपलेलं दूध, काठाला चिकटलेली पिवळी साय, त्यात मेलेल्या माश्या. सात वर्षं. नखांत वास असायचा. जेवताना हात तोंडाजवळ नेला की घास परत ताटात ठेवायचे. लग्नानंतरच्या पहिल्या ईदला सासूनं माझ्यापुढे दहा लिटर दूध ठेवलं, ती बाहेर गेली आणि मी तिथंच ओकले. ह्यांनी दार लावलं. म्हणाले, "तू बैठ." लग्नाआधी दोन वर्षं हे परभणीला पत्र्याचं काम शिकत होते, असं घरी सगळ्यांना माहीत. खरं म्हणजे लग्नांच्या एका बावर्च्याकडे होते. ते मला त्या पहाटे कळलं. उजाडल्यावर बाहेर जाऊन म्हणाले, जैतुननं केलाय.

मग दरवर्षी तेच.

मी दोनदा म्हटलं, आता सांगून टाकू. म्हणाले, "भाई जीने नै देंगे." खरंच होतं. गल्लीत एकानं बायको आजारी म्हणून चार दिवस भाकऱ्या थापल्या, तर सरदारभाईंनी त्याचं नाव 'बायकोचा बावर्ची' पाडलं. त्याचं खरं नाव आता कुणाला आठवत नाही.

हे जिवंतपणी ज्याला लाजले, त्यावरून मेल्यावर कुणी त्यांना हसलेलं मला खपणार नाही. म्हणजे मलाच करावा लागणार. आणि तोही असा, की कुणाला फरक कळता कामा नये.

३१ मार्च, रविवार

काल बाजारातून खारीक, चारोळी, बदाम, पिस्ते, बारीक शेवया आणल्या. खारीक रात्रभर भिजत घातली होती. सकाळी भांड्यात पाहिलं — पाण्यावर फुगलेली झुरळं! झाकण ठेवून दिलं.

विचारणार कुणाला? सगळ्या मलाच विचारतात. आज भाभी म्हणाली, "दुल्हन, शेवया पहले डालती क्या बाद में?" मी तोंड गंभीर करून सांगितलं, "वो हाथ पे है." तिनं मान डोलावली. मला माझीच शिसारी आली.

पेपरच्या पुरवणीत कृती सापडली. 'कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा फोडावा.' शी! हे असते तर कागदासकट चुलीत घातला असता.

२ एप्रिल, मंगळवार

इफ्तारीनंतर पहिला प्रयोग. दोन लिटर दूध. उकळी येईपर्यंत नाकाला पदर बांधून उभी होते. खारीक टाकली तर दूध फाटलं. पिवळं पाणी एकीकडे, गुठळ्या एकीकडे.

तरी म्हटलं, जीभ लावून बघू. लावली. मोरीपर्यंतसुद्धा पोचले नाही.

३ एप्रिल, बुधवार

घरभर तो वास. उशीला पण.

६ एप्रिल, शनिवार

काल रात्री दुसरा प्रयोग. या वेळी खारीक वेगळी शिजवून घेतली. दूध फाटलं नाही, तेवढ्यावरच आनंद! शेवया तुपात परतल्या, टाकल्या. चाखताना डोळे मिटले, नाक दाबलं, औषधासारखं गिळलं. गोड लागलं. एवढंच कळलं. ज्याची चव कधी घेतलीच नाही, ते आलं की नाही हे कसं कळणार? माझ्याकडे त्यांच्या शीरखुर्म्याचा रंग आहे. बदामाच्या सालीसारखी किंचित लाली यायची. आणि वास आहे. ईदला नमाजला निघताना सदऱ्याला यायचा तो. तूप, वेलची, आणि मागं काहीतरी जायफळासारखं. दुरून तो वास मला चालायचा. त्यांच्या अंगावर होता म्हणून असेल.

सकाळी बघितलं तर शेवयांनी सगळं दूध पिऊन टाकलेलं. खळ झाली होती. पोस्टर चिकटवावं अशी.

संध्याकाळी सरदारभाई दारात. भिंतीपलीकडं वास गेला होता. "जैतुन, अभी से चालू? हम तेरे भरोसे पे है, हौ! खाजा नै, तो वो एक चीज तो बाकी है घर में." आणि हसले. दात दिसले. मला त्या दातांत अडकलेली खारीक दिसली, नसताना.

ते वाईट नाहीत. पण ह्यांच्या मयतीच्या दिवशी पण असंच मोठ्यानं बोलत होते, कोठ्यांच्या पत्र्याचं काय करायचं म्हणून.

९ एप्रिल, मंगळवार. पाडवा

सकाळी वत्सलाबाई पुरणपोळ्या घेऊन आली. तिच्या चार म्हशी, ईदचं दूध तिचंच असतं, आमच्या लग्नाच्या आधीपासून. म्हणाली, "भाभी, आज चंद्र दिसतुय म्हणतेत. सांजच्यालाच दूध आणून टाकते. दहा लिटर हाय, डेरीला घालायचं न्हाई म्हणून सांगितलंय मी घरी." मग माझ्याकडं बघून, "लई वाळला तुमी. रोजे सोसंनात का? कावून एवढं करता?"

मी म्हटलं, उन्हानं.

दूध आलं. अजून उबदार. धारेचा फेस तसाच. मी भगुनं झाकलं आणि वर पाट ठेवला, जसं काही आतून बाहेर येणार होतं.

संध्याकाळी सगळी गल्ली गच्चीवर. चंद्र दिसला नाही! मशिदीतून सांगितलं, उद्या तिसावा रोजा, ईद परवा. पोरं हिरमुसली. मला क्षणभर बरं वाटलं. मग पाटाकडं लक्ष गेलं. दहा लिटर दूध, एप्रिलचा उन्हाळा, आणि आमच्याकडं फ्रीज पाण्याच्या बाटल्यांएवढाच. तापवून ठेवलं. दोनदा तापवलं.

१० एप्रिल, बुधवार

नासलं.

दुपारी लाइट गेली होती, चार वाजता झाकण काढलं. तो वास मी लिहू शकत नाही. दहा लिटर! उकिरड्यावर ओतायला गेले तर सगळ्यांना कळेल, म्हणून बादलीनं मोरीत ओतत बसले. मोरी तुंबली. पांढरं पाणी पायांवर आलं. तशीच उभी राहिले. पाटोद्याची कढई आठवली. वाटलं, सगळी वर्षं फिरून मी तिथंच.

ह्यांच्यावर राग आला. पहिल्यांदा आला, मेल्यापासून. सत्तावीस वर्षांत एक ओळ लिहून ठेवली नाही! मला वाचता येतं हे माहीत असून.

वत्सलाबाईकडं गेले. तोंड बघूनच समजली. "नासलं ना? कालच मनात पाल चुकचुकली हुती माज्या. थांबा." संध्याकाळच्या धारेचं सात लिटर निघालं. तिनं घरच्यांसाठी कपभर पण ठेवलं नाही. सुनेला म्हणाली, "उद्या कोरा च्या प्या. ईद हाय."

चंद्र दिसला.

११ एप्रिल, गुरुवार. ईद

पहाटेपासून दुधापुढे. सात लिटर आटवायचं, बारा घरांना पुरवायचं. सात वाजता भाभीनं हाक मारली, मेंदीचा कोन कुठं आहे म्हणून. दोन मिनिटं उठले. दोनच.

आले तर तळ धरला होता.

मला सांगायला नको. जगात कुणाला कळो न कळो, लागलेल्या दुधाचा वास मला नाही कळला तर कुणाला कळेल? सात वर्षं मी तेच नाकात घेऊन झोपले. वरचं दूध दुसऱ्या भगुन्यात काढलं, वेलची जास्त घातली, जायफळ घातलं. वास खाली बसला, गेला नाही. चमचाभर चाखलं. गोड, आणि मागं धूर. नमाज संपायची वेळ झाली. नवं दूध कुठून आणू? वाट्या भरल्या. बाराच्या बारा.

मनात म्हटलं, आता सगळे समजतील. एक वाटी जाईल, कुणीतरी तोंड वाकडं करील, आणि संपलं.

सरदारभाई नमाजवरून आले. पहिला चमचा. मी भिंतीला टेकून उभी. ते डोळे मिटून म्हणाले, "वा! वहीच मजा."

वहीच!

भाभी म्हणाली, "हाथ नै बदल्या तेरा, दुल्हन." पलीकडच्या घरातून वाटी परत आली, सोबत निरोप — दरसालासारखाच. मशिदीसमोरच्यांनी दुसऱ्यांदा मागवला. त्यांची नवी सून म्हणे, मला शिकवा. वत्सलाबाई घामेजून आली, उभ्यानंच वाटी संपवली. "लई भारी भाभी. दरसालचीच चव."

बारा घरं. एकालाही धूर लागला नाही.

मी हसून सगळ्यांचं ऐकत होते आणि आतून मळमळत होतं, दुधानं नाही, त्यांच्या तोंडांनी. ओशट ओठ, चपाचपा आवाज. सत्तावीस वर्षं तो माणूस पहाटे उठून लाकडं सारखी करत बसला, जळू नये म्हणून लघवीला उठला नाही. आणि ह्या लोकांना करपलेलं आणि ते एकच! मग काय खात होते हे लोक इतकी वर्षं? कुणी नीट खाल्लंच नव्हतं. ईद आहे, वाटी आहे, खा, वा म्हणा.

मी भीत होते, फरक कळेल म्हणून. कळला नाही, तर आता ह्यांचं काहीच उरलं नाही असं झालं. एक चव होती, तीही कुणाच्या जिभेवर नाही. माझ्या तर कधी नव्हतीच.

सगळे गेल्यावर करपलेलं भगुनं घासायला घेतलं. खरवडताना हात आपोआप चालतात. विसरले नाहीत.

१२ एप्रिल, शुक्रवार. बासी ईद

सांगितलं.

सरदारभाईंच्या ओसरीवर, सगळ्यांसमोर. ते कालचा उरलेला मागत होते. मी म्हटलं, हा माझा. करपलेला. ह्याच्या आधीचे सत्तावीस तुमच्या भावानं केलेले. मी कधी चमचा लावला नाही.

भाभी हसली. "क्या बोलती दुल्हन!" मग माझं तोंड बघून थांबली.

बावर्ची हा शब्द कधी येतो, मी वाट बघत होते. त्यावर काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं.

आला नाही. सरदारभाईंनी वाटी खाली ठेवली. ओठ हलत होते, वर्षं मोजत असावेत. "मतलब परसाल के पहले की ईद… वो उसका आखरी था."

मी हो म्हणाले.

"उस दिन मेरा पेट भरा था," म्हणाले. "आधी कटोरी नाली में डाल दिया मैं." मग माझ्याकडं बघून, "उसी दिन बोलना था ना, जैतुन."