समासातली पेन्सिल

सर, डोळ्यांच्या डॉक्टरांनी काल हात टेकले. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेलीही फार टिकणार नाही म्हणाले. शांती नगरपर्यंत रिक्षात मी तुमचाच विचार करत होते, तुमचा आणि तुमच्या त्या प्रबोधनकाळातल्या इटालियन पंडिताचा. "आंटी, गेट आ गया," असं रिक्षावाल्याला सांगावं लागलं.

तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण तुमचं स्वयंपाकघर मला अजून स्वच्छ दिसतं. बाहेरच्या खोलीत काकूंच्या शिकवण्या, म्हणून आपला वर्ग ओट्यापाशी. तुम्ही कांदा चिरताय आणि सांगताय, की हा माणूस शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या लेखकांना पत्रं लिहायचा, त्यांच्यावर रागवायचासुद्धा. माणूस म्हणून घडायचं तर मेलेल्यांशीही बोलता आलं पाहिजे, असं त्याला वाटायचं. त्याच्याकडे एक ग्रीक ग्रंथ होता. ग्रीक येत नव्हतं, म्हणून तो ग्रंथ नुसता छातीशी धरून उसासे टाकायचा. मी खो खो हसले. तुम्ही हसला नाहीत. माझं कव्हर घातलेलं कोरं करकरीत पुस्तक उचलून म्हणालात, "हे काय, देव्हाऱ्यात ठेवणारेस? भांड की त्याच्याशी!" आणि त्या पंडितावरचं तुमचं स्वतःचं पुस्तक मला देऊन टाकलंत. त्याचे समास तुमच्या पेन्सिलीने भरलेले होते.

मी ते आयुष्यभर वाचलं ते तुमच्या भांडणांसाठी. आता भिंगाखाली छापील अक्षर कसंबसं लागतं, पेन्सिल अजिबात नाही. लेकीने मोबाइलवर वाचून दाखवायची सोय करून दिली. त्यातली बाई छापलेलं सगळं घडाघडा वाचते आणि तुम्हाला गाळून पुढे जाते. मग लेक स्वतः बसली. "आई, काहीच लागत नाहीये गं. अर्धं पुसलंच गेलंय. सोड ना आता."

ती गेल्यावर मी पुस्तक छातीशी धरलं. उसासेबिसासे काही नाही, सरळ रडले. तुमच्या पंडिताला निदान ग्रीक शिकायची आशा होती. मला कसली आहे? तुम्ही दुसऱ्यांदा गेलात, सर, आणि यातून काही चांगलं निघेल असं मला वाटत नाही.

हे जाड मार्करने लिहितेय. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, मला परत वाचता येत नाही. पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. एक सांगते, हसू नका. कागदाची डावी बाजू मी रिकामी सोडली आहे, तुमच्यासाठी.