लाल खोली, निळी खोली

३ मार्च
नातीनं घराचं चित्र काढलंय. कॉलेजचं काम. वायफायची पेटी बैठकीत आहे, तिच्या लहरी कुठल्या भिंतीतून किती जातात ते कॉम्प्युटर सांगणार म्हणे. भिंत विटांची का फळ्यांची, कपाट कुठं, आरसा कुठं — सगळं भरलं. जिथं नेट जोरात तिथं लाल, मरतुकडं तिथं निळं.
माझी खोली निळी. विहिणीची लाल. कॉम्प्युटरसुद्धा तिच्याच बाजूचा!

४ मार्च
लाल म्हणून पोरगी संध्याकाळभर विहिणीच्या खोलीत. सुनेची आई पाहुणी म्हणून आली नि मुक्कामच ठोकला, मी काही बोलत नाही. पण नातीला न्हाऊमाखू मी घातलंय. आणि ही बाई तिच्या शेजारी पाय पसरून परदेशातल्या लेकाशी बोलते. हसते केवढ्यानं.

५ मार्च
सहज विचारलं, "काय गं, ह्या लहरींना अडवतं काय?"
"लोखंड, आजी. आणि पाणी. तुझं कपाटच आडवं येतं."
कपाट हलणार नाही. माझ्या लग्नातलं आहे.

६ मार्च
बैठक आणि विहिणीची खोली यांच्यामधल्या बोळात लोखंडी ट्रंक ढकलली. वर पत्र्याचे डबे, त्यावर चादर. सून म्हणाली, "आई, हे काय?" म्हटलं, आवराआवर. कंबर धरली. धरू दे.

९ मार्च
विहिणीचा लेक पडद्यावर तोंड वासून थिजला. "अरे बाळा, ऐकू येतंय का?" — बाळ गप्प.
नात डोकं धरून बसली. चित्रात लाल, मोजलं की निळं. भिंतीची जाडी बदलून बघितली. एकदा चित्र काढलं की घराकडं कोण बघतंय! थोडं वाईट वाटलं. थोडंच.

११ मार्च
बैठकीतून नेट पुढं जाईना, म्हणून वायफायची पेटी माझ्या खोलीत आली. माझ्या लेकानं खिळा ठोकला. "आता तू लालेलाल, आजी," नात म्हणाली. चादर बदलली. तिच्यासाठी भिंतीला तक्क्या लावून ठेवला.

१२ मार्च
विहिणीची खाट माझ्या खोलीत आली. लेक म्हणाला, "त्यांना रोज मुलाशी बोलायचं असतं, आई. तुम्हा दोघींना सोबत होईल."
तिकडची रिकामी खोली नातीनं घेतली. दार लावून बसते. म्हणते, तिथं नेट नाही, म्हणून अभ्यास होतो.