श्वश्रूवहन विधी: एक प्रत्यक्ष निरीक्षण

१३ जानेवारी १९६७
कॉलेजातले आमचे विभागप्रमुख जूनमध्ये रिटायर. खुर्ची माझीच. फक्त नावावर एक छापील संशोधन हवं. विषय ठरला: वलवणपलीकडच्या डोंगरवाडीतले लग्नविधी. रविवारपासून वाडीवर मुक्काम. शिवाय जूनमध्ये पुण्याच्या परिषदेत माझं भाषण आहे, 'संशोधन-लेखकाची नैतिक जबाबदारी'. ओट्यावर येरझारा. एका जागी बसवत नाही.

१५ जानेवारी, रविवार
थंडी. बूट चावतात. वाडी पुढच्या रविवारी, नक्की.

२२ जानेवारी, रविवार
बूट ठीक, आता घसा धरलाय.
दुपारी: अरे, जायची गरजच काय? गेल्या जुलैत एसटीच्या खिडकीतून मी स्वतः पाहिलंय! एक तरणा गडी म्हातारीला पाठीवर घेऊन ओढा ओलांडत होता. मागे चार-पाच माणसं. म्हणजे जावई आणि सासू, दुसरं कोण? मागची ती वरात. नावही सुचलं: श्वश्रू म्हणजे सासू, म्हणून श्वश्रूवहन विधी. अंगावर काटा आला.

९ फेब्रुवारी
लेख त्रैमासिकाकडे रवाना. 'प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारित' असं लिहिलं. त्यात खोटं काय? खिडकीची काच मी रुमालाने पुसली होती.

१७ एप्रिल
छापून आला! हिने वाचला आणि विचारलं, तुम्ही वाडीवर गेलात कधी? हिला पद्धतिशास्त्र कळत नाही. कान्हे गावच्या शाळेतले मास्तर ओळखीचे, त्यांनाही एक प्रत धाडली. तेवढंच लोकशिक्षण.

२५ एप्रिल
पुण्याहून डॉ. खांबेट्यांचं कार्ड. विभागप्रमुख निवडणाऱ्या समितीत तेच आहेत. म्हणतात, हा विधी डोळ्यांनी पाहायचाय, वाडीत लग्न कधी? तेव्हापासून छातीत धडधड. आनंदाचीच असणार.

९ मे
वाडीवरची गंगी करवंदं घेऊन दारावर येते. आज टोपली न उतरवताच ओट्यापाशी उभी राहिली. तिच्या चिंगीचं रविवारी लग्न, कान्ह्याच्या गेणूशी. पण मास्तरांनी चावडीवर माझा लेख वाचून दाखवला (केवढा सन्मान!) आणि आता अख्खा गाव गेणूला विचारतो, सासूला कवा उचलतूस? त्याच्या आईने निरोप धाडला, असलं लगीन आमाला नगं.
गंगी रडत होती आणि माझ्यावर ओरडतही होती. आमच्यात असली रीतच न्हाई सर, तुमी कुटं बगितली? मी खिडकीचं सांगितलं. तर म्हणते, ती माजी आय व्हती! पाय मोडलेला. माजा भाऊ तिला दवाखान्यात नेत व्हता.
तपशिलात थोडाफार फरक पडायचाच.
तिचं म्हणणं, कान्ह्याला चला आन् लिवलंय ते खोटं हाय एवढं सांगा. मी समजावलं की खुलाशाचीही शास्त्रीय पद्धत असते, पुढच्या अंकात बघू. उलट सुचवलं, रविवारी विधी एकदा करूनच टाका ना, डॉ. खांबेटेही येतील, सगळ्यांचंच काम होईल. गंगी म्हणाली, माज्या लेकीचं लगीन हाय ते, तमाशा न्हाई.
टोपली तशीच घेऊन गेली. ही तिच्यामागोमाग फाटकापर्यंत गेली.

११ मे
ही सकाळच्या गाडीने कामशेतला मावशीकडे. कॉलेजचा शिपाई हौशीराम म्हणतो, बाईसाहेब गंगीबरोबर कान्ह्याला उतरल्या. त्याची नजर अधू आहे.
भाषणाचा मसुदा झाला. 'चूक ध्यानात येताच लेखकाने ती तत्काळ जाहीर करावी.' काय वाक्य आहे! आरशासमोर म्हणून पाहिलं.

१४ मे, रविवार
डॉक्टरांना घेऊन वाडीवर. रस्ता विचारत विचारत गेलो. वाडीने जागा बदलली असावी. ओढा आला. ठणठणीत कोरडा. डॉक्टर थांबले. म्हणाले, लग्नं वैशाखात, ओढ्याला पाणी आषाढात. मग जावई ओलांडतो काय? मी म्हटलं, विधी प्रतीकात्मक आहे. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं.
वाडीत लग्न लागलेलं! गेणू आपल्या पायांनी, गंगी आपल्या पायांनी. आणि मांडवात पदर खोचून भात वाढत होती ती ही! कान्ह्याला जाऊन गेणूच्या आईची समजूत हिनेच घातली म्हणे. डॉक्टर हिच्याशी बराच वेळ बोलत बसले. मला हाक मारली नाही.
गंगीने माझ्यापुढेही पत्रावळ मांडली. घास उतरेना. आमटी फार तिखट होती.

२९ मे
परिषदेतलं माझं भाषण रद्द. विषय तोच, बोलणार डॉ. खांबेटे. मसुदा मागितला असता तर दिला असता.

८ जुलै
विभागप्रमुख दुसराच झाला. संशोधनात मत्सर फार. त्रैमासिकाचा नवा अंक आला. शेवटच्या पानावर डॉक्टरांचा खुलासा: 'श्वश्रूवहन विधी सदर वाडीत आढळत नाही. पत्नीच्या माहितीनुसार, लेखकही तेथे पूर्वी कधी आढळलेला नाही.'