पाचचं वाक्य

शुक्रवार, संध्याकाळ

काजू सोलणाऱ्या बायकांना थोडं इंग्रजी शिकवा, म्हणून कारखान्याच्या मालकांनी बोलावलं. रविवारी परदेशी खरेदीदार येणार, ते बायकांना कामाविषयी विचारणार. मी आनंदानं गेले. बायका धीटपणे बोलतील, आणखी काय हवं? ‘आय स्टार्ट वर्क ॲट नाइन. आय फिनिश ॲट फाइव्ह.’ सगळ्या एका सुरात म्हणत होत्या.

मग सुनंदानं हात वर केला. “बाई, आमी सात वाजता सुटतंव. ता कसा सांगूचा?”

बायका खुदकन हसल्या. मालक दारातच उभे. “पाचच सांगायचं. बाई, तुम्ही पुढचं वाक्य घ्या.”

आणि मी घेतलं! कामाच्या तासांवर चौकाचौकांत गरजणारी मी.

निघताना सुनंदा जवळ येऊन म्हणाली, “सभेत तुमचो आवाज पार तळेऱ्या गावाक ऐकाक येता. आज खंय गेलो?”

खरंच, कुठे गेला? खरेदीदार परत फिरले तर या बायकांचं काम जाईल, म्हणून गप्प बसले, असं मघापासून स्वतःला सांगतेय. पण त्यांना विचारलं कुठे? त्यांच्या वतीनं भ्यायचं मीच परस्पर ठरवलं.

उद्या शेवटचा वर्ग. सातचं वाक्य शिकवायचं, मालक दारात असले तरी. रविवारी कोणतं म्हणायचं ते त्या ठरवतील. त्यांनी मला बोलायला सांगितलं तर मी बोलेन. माझी काही तिथं नोकरी नाही. आणि त्यांनी पाचच म्हटलं, तर समोर बसून मला ते निमूट ऐकावं लागेल. त्याचीच जास्त भीती वाटतेय.