मोटारीच्या पुस्तकातल्या गोष्टी

आबा, काल मी कड्याला गेलते. बाजाराला न्हाई, लिहिणाऱ्या माणसांच्या शिबिराला. आता तुम्ही विचाराल, लिहिणाऱ्यांच्या शिबिरात काय करतात, सुई टोचतात का? माझ्याही माहितीत शिबिर म्हणजे एक तर डोळ्यांचं, नाही तर रक्तदानाचं, आणि दोन्हीकडं टेबल मांडून बसलेली मीच. नर्स झाले मी, ते बघायला तुम्ही राहिला नाहीत. तर हे शिबिर एक दिवसाचं, गावाबाहेरच्या एका शाळेत, सतरंजीवर गोल करून बसलेली पंधरा-वीस माणसं. निरोप आला होता की तुम्हाला घडवणारं एक पुस्तक सोबत आणा, त्यातला उतारा वाचायचाय. माझ्या कपाटात चांगली पुस्तकं आहेत, आबा. पण हात गेला तो पत्र्याच्या पेटीकडं. तुम्ही आणलेलं पुस्तक काढलं आणि पिशवीत डब्याखाली लपवून नेलं.

ते पुस्तक कसं आलं, आठवतंय ना? मी दहा-अकरा वर्षांची. कड्याच्या अलीकडं एकाच्या रानात खतासाठी आपली मेंढरं बसवलीत. तुम्ही कळप घेऊन माळावर गेलाय आणि मी वाघरीच्या जाळीपाशी कोकरं राखत बसलेय. भज्यांचा पुडा बांधलेला कागद सापडलाय, त्यात कुठल्याशा गोष्टीचा तुकडा. सुरुवात नाही, शेवट नाही, तरी मी तो चौथ्यांदा वाचतेय. मान वर करते तर जाळी एका बाजूनं उचललेली आणि तीन कोकरं बाहेर. दोन सापडली. तिसऱ्याला कुत्र्यांनी गाठलं होतं. त्याची आई माळावरून आली आणि ओरडत जाळीभोवती फिरत राहिली. तुम्ही मारलं नाहीत. "कावून गं? डोळं फुटले व्हते? कागद पाजून कोकरं जगत्यात व्हय?" एवढंच बोललात आणि दोन दिवस माझ्याशी शब्द नाही. त्यापेक्षा दोन रट्टे दिले असते तर बरं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातून आलात आणि घोंगडीच्या घडीतून हे पुस्तक काढलंत. जाड, जुनं, वरचं पान गेलेलं. "घे. वाचायचंच हाय तर हे वाच. पर मोठ्यानं. आवाज आला म्हंजी मला कळंल, पोरगी जागी हाय." दुकानदाराला म्हणे तुम्ही विचारलं होतं, सगळ्यात लई गोष्टी कशात हायत? तुम्हाला अक्षर येत नाही बघून त्या मेल्यानं तुमच्या हातात मोटारपंप दुरुस्तीचं पुस्तक दिलं! पान उघडलं, तर नुसते पंप, पाइप आणि नटबोल्ट. तुम्ही दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर बसलेले, शाळेतल्या पोरासारखे. एक तर कोकरू माझ्यामुळं गेलेलं, त्यात तुम्ही फसलात हे कोणत्या तोंडानं सांगू? "एका गावात एक विहीर होती," मी वाचायला लागले. चित्रात विहीर होतीच. तीत सोडलेल्या पाइपाची मी शिडी केली. तळाला एक गोल डबा होता, त्यात पाणी कुलपात ठेवणारी एक खाष्ट म्हातारी बसवली. तेव्हापासून रोज दुपारी मेंढरं सावलीला बसली की आपलं वाचन. सहा-सात वर्षं. एकदा तुम्ही त्या डब्यावर बोट ठेवलंत, "हीच व्हय म्हातारीची तिजोरी?" मी हो म्हणाले. तुम्ही लई गंभीरपणे मान हलवलीत.

काल माझ्या आधीच्या सगळ्यांनी नावाजलेली पुस्तकं वाचली. मी ठरवलं होतं, पुस्तक नुसतं दाखवायचं, वडिलांची आठवण म्हणायचं आणि गप बसायचं. खरं सांगू का, आबा, मीही लिहिते. वीस वर्षं झाली. दवाखान्यातल्या जुन्या रजिस्टरांच्या पाठकोऱ्या पानांवर, लपूनछपून. कुणी बघितलंच तर म्हणते, कुठंतरी वाचलेलं उतरवून घेतलंय. माझं आहे म्हणायला जीभच रेटत नाही. पण काल पुस्तक उघडलं, नेमकं विहिरीचं पान आलं, आणि तोंडातून आपसूक निघालं, "एका गावात एक विहीर होती." मग कुठली थांबतेय! गोष्टीतली पोरगी म्हातारीच्या कुलपाची किल्ली आणायला निघाली, शिडीवर पाय ठेवला, बारा पायऱ्या उतरली. सगळे कान देऊन ऐकत होते. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, हयातभर विहिरींवरच्या जळक्या मोटारी तार भरून दुरुस्त करायचं काम केलेले आणि आता कविता करणारे. त्यांनी पानात डोकावलं आणि ओरडलेच, "ओ ताई, हे तर फुटवॉल हाय! पाइपाच्या बुडाला लावत्यात ते. हितं गोष्ट कुठंय?"

असा हशा पिकला म्हणता! माझे कान तापले. चपला कुठं काढल्यात ते मी नजरेनं शोधायला लागले. शिबिर घेणाऱ्या बाई, रिटायर झालेल्या शिक्षिका, उठून माझ्याजवळ आल्या. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, दोन-चार पानं उलटली. त्या हसल्या नाहीत. "मग ही गोष्ट कुणाची?" म्हणाल्या. कुठंतरी वाचली होती, हे वाक्य माझ्या जिभेवर तयारच होतं. तेवढ्यात तुमचे ते गुडघ्यांवर ठेवलेले हात डोळ्यांपुढं आले.

"माझी," मी म्हणाले.

"मोठ्यानं सांगा की."

"माझी हाय. मी रचलीय."

टाळ्या वाजल्या की नाही ते मला आठवत नाही. पण बरं वाटत होतं, लई बरं.

जेवायच्या वेळी ते मोटारवाले काका ताट घेऊन शेजारी आले. "ताई, राग मानू नका. माझ्या तोंडाला लगाम न्हाई." मग मी त्यांना पुस्तकाची सगळी हकिकत सांगितली, तुम्ही कसे फसलात तीही. ते भाकरी मोडायचे थांबले. "तुमचे वडील रानोरान हिंडायचे म्हणता. कुणाच्या विहिरीतली मोटार वर काढायला हात लावला आसंल की त्यांनी?" लई वेळा, मी म्हणाले. "मंग त्यांना फुटवॉल वळखू आलं न्हाई व्हय? अक्षर येत न्हवतं, पर डोळं तर व्हते!"

माझा घास हातातच राहिला, आबा. तुम्ही तर पाण्यात बुडी मारून फुटवॉलचा पालापाचोळा काढून द्यायचात. लोक हाक मारून बोलवायचे तुम्हाला. आणि तेच तुम्ही मला विचारता, म्हातारीची तिजोरी व्हय? किती लबाड माणूस! सहा-सात वर्षं मी समजत होते की मी तुम्हाला फसवतेय. त्या ताटावर मी हसले, रडले, आणि काका बिचारे पाणी आणायला पळाले.

आता एक कबूल करायचं राहिलंय. नर्सिंग शिकायला बीडला जायच्या आदल्या दुपारी हीच गोष्ट चालली होती. पोरगी तळाला पोचली आणि म्हातारीनं शिडी काढून घेतली. तिथं मी थांबले. "फुडं?" तुम्ही म्हणालात. मी म्हणाले, पुढचं पान फाटलंय. तुम्ही उठलात, काठी घेतलीत आणि म्हणालात, "बरं. फाटलेलं उद्या वाच." उद्या मी एसटीत होते, आणि त्याच भाद्रपदात तुम्ही तापानं गेलात. पान फाटलेलं नव्हतं, आबा. मला पुढचं सुचत नव्हतं. आणि फाटलेलं पान उद्या कसं वाचणार, एवढं साधं मला इतकी वर्षं कळलं नाही. आज सकाळी रजिस्टर घेऊन बसले, उघड्यावर, ओट्यावर. गोष्टीचं पुढचं लिहून झालं. हे पत्र विहिरीच्या पानात ठेवून पुस्तक पेटीत टाकतेय.

पोरगी वर आली, आबा. किल्ली घेऊन आली.